विषय: गिरगाव ते मेलबर्न – पाटा, देव्हारा, कपाट

प्रेषक: गिरगावकरीण | 12 मे

नमस्कार मंडळी,

मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या या ईमेल लिस्टवर नवीन आहे. ह्यांची बदली मेलबर्नला झालीय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. मुलगी सात वर्षांची. आमच्या गिरगावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, जिना लाकडी. चाळ पुनर्विकासाला चाललीय, त्यामुळे "सामान राहू दे इथेच, नंतर बघू" ही सोय नाही. सासूबाई डोंबिवलीला दिरांकडे राहणार. तिथे त्यांचा एक पलंग मावला तरी खूप झालं.

प्रश्न सामानाचा. गोदरेजचं कपाट, सागवानी देव्हारा, पितळी देव, पाटा-वरवंटा, तांब्याचं घंगाळ, आजेसासऱ्यांनी हाताने लिहिलेली पोथी, पुस्तकं आणि स्वयंपाकघर. दोन मूव्हर येऊन गेले. एकाने दारातूनच नजर फिरवली आणि दहा मिनिटांत आकडा सांगितला. दुसऱ्याने टेप लावून सगळं मोजलं. दोघांच्या आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. खरं कोणाचं धरायचं? आणि मुळात काय आणावं?

प्रेषक: क्लेटनची काकू | 12 मे

काहीही आणू नकोस गं. कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलीचे शाळेचे दाखले. कुकरपासून पोळपाटापर्यंत सगळं इथे मेलबर्नात डँडेनाँगला मिळतं. आम्ही वीस वर्षांपूर्वी आणलेला सोफा अजून गॅरेजमध्ये आहे, कोणी बसत नाही त्यावर.

प्रेषक: न्हावा शेव्याचे काका | 13 मे

सूनबाई, मुलगी तुमच्या मंडळात आहे म्हणून मी या लिस्टवर. जन्म बंदरातल्या कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात गेला, तेव्हा दोन शब्द माझेही.

काकूंचं अर्धं बरोबर. पण काय ठेवायचं ते आधी टेप घेऊन ठरव, मनाने नंतर. तुझं सामान अख्खा कंटेनर भरणार नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते, तुझं पाच-सहा घनमीटर होईल. म्हणजे ते एलसीएलने जाणार, दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. तिथे भाडं घनमीटरवर लागतं. वजन तेव्हाच मोजतात जेव्हा ते घनमीटरमागे टनाच्या वर जातं, आणि घरगुती सामानात ते होत नाही.

आता गंमत बघ. तुझं कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड-पावणेदोन फूट खोल धर. झाले 29 ते 34 घनफूट. पुस्तकांचा खोका (18 बाय 12 बाय 12 इंच) दीड घनफुटाचा. म्हणजे एक रिकामं कपाट वीस खोके पुस्तकांइतकी जागा खातं, आणि पैसे तू हवेचे भरतेस. उलट पाटा-वरवंटा. विमानात तो नेण्याचा विचारही नको, पण बोटीत जवळजवळ फुकट जातो. सगळे बरोब्बर उलटं करतात: कपाट बोटीने पाठवतात आणि पाटा भंगारवाल्याला देतात. कपाट न्यायचंच असलं तर आत कपडे-चादरी ठासून भर, नाहीतर डोंबिवलीला दे.

टेप लावलेला माणूस मला बरा वाटतो. पण त्याच्याकडून लेखी घे: आकडा दारापासून दारापर्यंतचा आहे की मेलबर्न बंदरापर्यंतचा? तिथलं गोदाम, कागदपत्रं, तपासणी हे त्यात नसतं आणि माणूस तिथेच गाळात जातो. स्वस्त आकडा बहुतेक वेळा बंदरापाशीच संपतो.

गिरगावची गल्ली मला माहीत आहे. तिथे मोठी गाडी लागणार नाही, दिवसा अवजड गाड्यांवर शहरात बंधनंही असतात. छोटा टेम्पो, मग भिवंडीचं गोदाम, मग बंदराजवळचं गोदाम. म्हणजे सामान तीनदा उचललं जाणार. जिना उतरवण्याचे पैसे दरात धरलेत का तेही विचार. नाहीतर ऐन दिवशी हमाल दुसऱ्या मजल्यावर घंगाळ टेकवून "मजल्याचे वेगळे" म्हणतात.

खोके तू भरू नकोस, त्यांना भरू दे. आपण भरलेल्या खोक्यातलं फुटलं तर विमेवाले बहुधा हात वर करतात. आणि पॅकिंग पावसात होणार, तेव्हा गाद्या, लाकूड, कापड खडखडीत कोरडं हवं. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. दमट सामान तीन महिने बंद राहिलं की बुरशीची बाग तयार होते.

देव आणि पोथी यांचं मात्र नीट ऐक. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि ज्या हस्तलिखिताला ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल आहे त्याला 75 वर्षांचीच मर्यादा. साधे घरातले देव असतील तरी अधिकारी विचारू शकतो. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो, तो आधीच काढ. "आमच्या घरातलीच आहे हो" याने काही होत नाही. देव्हाऱ्यात मोरपीस असेल तर तेही काढून ठेव, त्याच्या निर्यातीवर बंदी आहे.

प्रेषक: टार्नीटचा ठाणेकर | 14 मे

काकांना दंडवत. आता इथल्या बाजूने.

ताई, तिथल्या कस्टमपेक्षा इथल्या जैवसुरक्षावाल्यांची (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून सामान तपासणारे) धास्ती जास्त ठेवा. मागून येणाऱ्या घरगुती सामानासाठी बी-534 नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात लाकूड, झाडपाला, बिया, मातीचे बूट, बागेची अवजारं असं सगळं विचारतात. उत्तर खरं द्यायचं. "हो" म्हटलं तर ते खोका उघडून बघतात. "नाही" म्हणून आत काही सापडलं तर प्रकरण वाढतं. तपासणीचं शुल्क आपणच भरायचं. सापडलेली वस्तू प्रक्रिया करून घ्यायची, परत पाठवायची की नष्ट करायची, तो खर्चही आपलाच.

आपल्या घरांचा घोळ धान्याचा. 2020 पासून विमानाच्या किंवा बोटीच्या खासगी सामानातून तांदूळ, हरभरा, मूग, तूर, मसूर, धणे, जिरं, सुक्या मिरच्या आणायला बंदी आहे. कारण खापरा भुंगेरा. आपल्याकडच्या धान्यकोठारांतला ओळखीचा किडा, पण त्याची अळी भेगेत बसली की न खाता वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. गव्हाच्या देशाला तो नकोच. त्यामुळे मिसळणाचा डबा, पाट्याच्या खाचा, मिक्सरचं भांडं, रोवळी, चाळण्या असं सगळं ब्रशने घासून, उन्हात वाळवून मगच बांधा. केरसुणी, सूप, नारळाच्या शेंडीचं काहीही आणू नका. देव्हारा पाठीमागून बघा. सागाला सहसा काही होत नाही, पण मागची फळी बऱ्याचदा साध्या लाकडाची असते. भुसा पडत असेल तर आणूच नका. सामान खोक्यात नसून लाकडी पेटीत बांधलं, तर त्या पेटीवर आयएसपीएम 15चा शिक्का हवा, म्हणजे लाकडावर कीड मारायची प्रक्रिया झाल्याची आंतरराष्ट्रीय खूण. गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं त्यावर.

मिक्सर बिनधास्त आणा. व्होल्टेज तेच, 230. फक्त पिन वेगळी. शेगडी नको, इथल्या मान्यतेशिवाय कोणी गॅसला जोडून देत नाही. आणि निघायच्या आधी भुलेश्वरला जाऊन नवी भांडी घ्यायची हौस आवरा. करमाफी 12 महिने वापरलेल्या सामानाला असते, कोऱ्या वस्तूंवर जकात आणि 10 टक्के जीएसटी लागू शकतो. (मी आठ डब्यांचा स्टीलचा संच घेतला होता. बायको अजून ऐकवते.)

प्रेषक: गिरगावकरीण | 3 जुलै

काका, दादा, काकू, तिघांचेही आभार. टेपवाल्याला काम दिलं. दारापासून दारापर्यंत, लेखी. साडेचार घनमीटर. कपाट डोंबिवलीला गेलं.

पोथीपाशी सगळे थांबलो. आजेसासऱ्यांनी ती 1938 साली लिहायला घेतली असं पहिल्या पानावरच आहे. तिचं मोल काय ते आम्हाला ठरवता येईना आणि विषाची परीक्षाही नको. ह्यांनी खिडकीतल्या उजेडात पानन् पान मोबाइलवर टिपलं, तीन रविवार गेले. पोथी दिरांच्या कपाटात. म्हणजे शेवटी त्याच गोदरेजच्या कपाटात! देव मात्र सासूबाईंच्या लग्नातले, पावतीसकट सापडले. दाखल्यासाठी अर्ज केलाय.

प्रेषक: आता टार्नीटकरीण | 27 ऑक्टोबर

मंडळी, सामान आलं. गिरगावातून निघाल्यापासून बरोब्बर अकरा आठवडे.

पाटा मी टूथब्रशने घासला होता, देव्हाऱ्याची मागची फळी बदलली होती, मिसळणाचा डबा उकळत्या पाण्यातून काढला होता. फॉर्ममध्ये लाकूड लिहिलं म्हणून खोके उघडले, आणि देव्हारा पाच मिनिटांत पास झाला. अडकलो साड्यांच्या खोक्यावर. माझ्या डोहाळजेवणाचा हिरवा शालू, घडी कधी मोडलीच नव्हती. त्याच्या पदराच्या गाठीत ओटीचे तांदूळ, दोन हळकुंडं, एक सुपारी. आठ वर्षं तशीच. सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, मीच बांधली होती, सोडायची नसते ती."

यादीत "साड्या, 14" एवढंच होतं. मूव्हरच्या इथल्या एजंटने फोटो पाठवला: निळ्या हातमोज्यावर मूठभर तांदूळ. पिवळे पडलेले, पण एकाही दाण्याला भोक नाही. लपवल्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तांदूळ, हळकुंडं, सुपारी नष्ट केली आणि वाढीव तपासणीचं बिल आलं. खापरा भुंगेरा नव्हता. शालू परत मिळाला, पदराला गाठीच्या सुरकुत्या आहेत अजून. यापुढे येणाऱ्या बायकांनो, साड्यांचे पदर आणि जुन्या पर्सचे चोरकप्पे झटका. हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

काल पाट्यावर पहिली चटणी वाटली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, काही दुरुस्तीचं काम चाललंय का.

देव्हारा भिंतीला लावायचाय. घरमालकाने दोन भोकांची परवानगी दिलीय, तीही लेखी. शनिवारी कोणाकडे ड्रिल मशीन मोकळं असेल का? जेवूनच जा.

प्रेषक: टार्नीटचा ठाणेकर | 27 ऑक्टोबर

आहे. अकरा वाजता येतो. चटणी ठेवा.