नवे टायर आणि अलाइनमेंट होऊनही गाडी डावीकडे ओढते. दोष कोठे शोधावा?

प्रश्न – तवंदीपलीकडे (निपाणी)

नमस्कार. माझ्या हॅचबॅक गाडीला नुकतेच चारही टायर नवे बसवले आणि त्याच दुकानात बॅलन्सिंग व व्हील अलाइनमेंटही करून घेतली. तेव्हापासून महामार्गावर, विशेषतः तवंदी घाट ओलांडून संकेश्वरच्या दिशेने सपाट रस्ता लागला की, स्टेअरिंगवरचा हात सैल होताच गाडी डाव्या बाजूला सरकू लागते. स्टेअरिंग वाकडे नाही, थरथर नाही आणि ब्रेक दाबल्यावर ओढ वाढतही नाही. जुन्या टायरांवर हीच गाडी याच रस्त्यावर सरळ जात होती. दुकानदाराने अलाइनमेंट पुन्हा तपासली, कागदावर पुढच्या चाकांचे सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत आले आणि आता लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – घाटवाट (खानापूर)

आपण दिलेल्या माहितीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे की, जुन्या टायरांवर गाडी सरळ जात होती. लोअर आर्मचे बुश (सांध्यातील रबरी भाग) नेमके टायर बदलण्याच्या दिवशीच खराब व्हावेत, हे अशक्य नसले तरी संशयाची सुई आधी बदललेल्या वस्तूकडेच वळायला हवी. म्हणून लोअर आर्मला हात लावू नका; पुढचे दोन टायर तपासा.

रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. ते बनवताना किंचित एका बाजूला सरकले, तर दिसायला निर्दोष असलेला टायरही शंकूसारखा वागू लागतो. चहाचा कागदी पेला आडवा करून जमिनीवर ढकलला तर तो सरळ न जाता वळत जातो, तसेच हे आहे. बॅलन्सिंगचे यंत्र फक्त वजनाची असमानता दाखवते आणि अलाइनमेंटचे यंत्र फक्त चाकांचे कोन मोजते, त्यामुळे हा दोष त्या दोन्हींच्या नजरेतून सुटतो. आपल्या भागातील दुकानदार तिसऱ्यांदा अलाइनमेंट करायला लगेच तयार होतात, पण टायर अदलाबदल करून पाहा असे क्वचितच सुचवतात, याची मला मनापासून खंत वाटते.

चाचणी सोपी आहे. पुढचे डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावा, हवा समान ठेवा आणि त्याच रस्त्याच्या त्याच टप्प्यावर, त्याच वेगाने गाडी चालवा. ओढ डावीकडून उजवीकडे गेली तर दोष टायरमध्ये आहे. ती डावीकडेच राहिली तर टायर निर्दोष समजून गाडीकडे वळता येईल. मात्र टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर डावे-उजवे करू नका. अशा वेळी त्याच बाजूचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावून पाहावे.

रस्त्याच्या उताराबद्दलही सांगतो, कारण त्याने अनेकांची फसगत होते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवतात. आपण डावीकडून गाडी चालवत असल्यामुळे किंचित डावी ओढ प्रत्येक गाडीला जाणवते, आणि त्याच रस्त्याने परत आलो तरी आपण पुन्हा डाव्या कडेलाच असतो, म्हणून परतीच्या फेरीने काहीच सिद्ध होत नाही. ओळखीच्या एखाद्याची सरळ चालणारी गाडी त्याच टप्प्यावर चालवून तुलना करणे अधिक खात्रीचे.

प्रतिसाद – लोखंडी हात (उद्यमबाग, बेळगाव)

वरील मताशी मी सहमत आहे. कागदावरील हिरव्या आकड्यांविषयी थोडी भर घालतो. बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलता येतो. टो चुकला तर टायर झिजतो किंवा स्टेअरिंग वाकडे बसते, पण गाडी सतत एका बाजूला ओढली जाण्याचे कारण तो सहसा नसतो. ओढीसाठी कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा कल; वरचा भाग बाहेर झुकला तर धन) आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यास स्टेअरिंगने चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल; वरचे टोक मागे झुकले तर धन) पाहायचे. ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी धन, त्या बाजूला गाडी जाते. दोन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे मर्यादेत असले, तरी डाव्या-उजव्यातील फरक अर्ध्या अंशाहून अधिक असेल तर तो दखल घेण्याजोगा असतो, म्हणून कागदावर रंग न पाहता फरक वाचावा.

त्याशिवाय गाडी चालवून थांबल्यावर, ब्रेक शक्यतो न वापरता, दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न टेकवता उष्णता अजमावा. एक बाजू स्पष्टपणे अधिक तापत असेल तर कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) अडकला असण्याची शक्यता आहे. टायर बदलताना चाक काढले जाते, पण कॅलिपर ज्यावर सरकतो ती सरकपिन मोकळी आहे का, हे कोणी पाहत नाही.

प्रतिसाद – काळी माती (चिकोडी)

हवा थंड टायरमध्ये, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्यानुसार स्वतः मोजा. टायर रिमवर बसवताना जास्त हवा भरतात आणि कधीकधी ती तशीच राहते. पुढच्या दोन चाकांत तफावत असेल तर कमी हवेच्या बाजूला ओढ जाणवते.

प्रश्नकर्ता – तवंदीपलीकडे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हवा दोन्हीकडे समान होती आणि रिमच्या उष्णतेत फरक जाणवला नाही. कागदावर दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमधील फरकही नगण्य निघाला. नंतर पुढची चाके डावी-उजवी करून त्याच टप्प्यावर गाडी नेली, तेव्हा ती स्पष्टपणे उजवीकडे जाऊ लागली. दोघांपैकी नेमका सदोष टायर कोणता, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद – घाटवाट

आता पुढचे एक चाक त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदला. ओढ नाहीशी झाली तर मागे गेलेला टायर सदोष. तशीच राहिली तर दुसऱ्या बाजूला हाच प्रयोग करा. तो टायर मागे ठेवून गाडी चालवल्यास ओढ बहुधा जाणवणार नाही, पण नवा माल असल्याने तेवढ्यावर समाधान मानू नका. बिल, अलाइनमेंटचे दोन्ही कागद आणि अदलाबदलीचा निष्कर्ष घेऊन विक्रेत्याकडे जा, टायरच्या बाजूवरील उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवणारे चार आकडे टिपून ठेवा आणि तक्रार लेखी नोंदवून कंपनीच्या तपासनिसाकडून पाहणी मागा. टायर फारसा झिजण्याआधीच हे करा, कारण नंतर दोष झिजेचा की मुळातला, यावरच वाद सुरू होतो.