मुख्याध्यापक घडवताना लिंगभावाचा वेगळा पेपर हवाच कशाला?

खडूफळा

शाळा चालवणारी माणसं तयार करणाऱ्या अभ्यासक्रमांत 'लिंगभाव आणि वैविध्य' असा एक पेपर असतो. मी तो शिकवते, आणि माझं मत आहे की तो बंद करावा. विषय नव्हे, पेपर.

त्या तासाला सगळे शहाण्यासारखं बोलतात. उत्तरपत्रिकांत समता नुसती ओसंडून वाहते. मग तीच मंडळी अर्थनियोजनाच्या तासाला शाळेचं अंदाजपत्रक मांडतात, आणि खेळाचा किती पैसा मुलांच्या संघांवर जातो व किती मुलींच्या, हे एकही जण विचारत नाही. वेळापत्रकाचा सराव करताना प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर टाकून मोकळे होतात. व्हीलचेअरवरचं मूल तिथे कसं पोचणार? प्रवेश अर्जात 'वडिलांचे नाव' सक्तीचं ठेवणं, पालकसभा भर कामाच्या वेळेत घेणं, हे सगळे साधे कारभारी निर्णय आहेत. भेदभाव बहुतेकदा तिथेच होतो, कोणाच्याही मनात काळंबेरं नसताना.

म्हणून हा विषय अर्थनियोजन, नेमणुका, वेळापत्रक, शिस्त या पेपरांत घाला. तिथे तो टाळता येणार नाही.

साक्षेपी

साफ असहमत. जे सगळ्यांचं काम, ते कोणाचंच नाही. अर्थनियोजनाच्या शिक्षकाला भाग संपवायची घाई झाली की पहिली कात्री कशाला लागेल, सांगा बरं? वेगळा पेपर असला की निदान तास असतात, गुण असतात, जबाबदार माणूस असतो.

शिवाय काही गोष्टी जाता जाता शिकवता येत नाहीत. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेली 'इंटरसेक्शनॅलिटी' घ्या, म्हणजे एकाच माणसावर दोन भेदभाव एकत्र येतात तेव्हा काय होतं ते. त्यांनी जनरल मोटर्सवरच्या एका खटल्याचा दाखला दिला होता. नोकऱ्या गमावलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कोर्टात गेल्या, तर निष्कर्ष असा निघाला की कंपनी स्त्रियांना घेते, सबब लिंगभेद नाही. प्रत्यक्षात कचेरीत घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कारखान्यात घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते. दोन्ही रकाने भरलेले, आणि या बाया कुठेच नाहीत. वंश आणि लिंग मिळून एकत्र दावा कोर्टाने मानलाच नाही.

आता शाळेचा गळतीचा तक्ता डोळ्यासमोर आणा. मुलींची गळती एका रकान्यात, दिव्यांग मुलांची दुसऱ्यात. दिव्यांग मुलींचं काय झालं, हे त्या तक्त्यात दिसतच नाही. हे बघायची नजर तयार व्हायला सत्र जातं. वेळापत्रकाच्या तासातली दहा मिनिटं पुरत नाहीत.

तिरपागडा

मला दोन्ही नको. वेगळाही नको, मिसळलेलाही नको. चांगला मुख्याध्यापक सगळ्यांशी न्यायानेच वागतो, त्याला हिशेब, कायदा आणि माणसं सांभाळणं शिकवा. शिक्षकी पेशात स्त्रियाच बहुसंख्य आहेत, वरची पदंही आपोआप भरतील.

आणि सक्तीचा उलटा परिणाम होतो, हे मी मनचं सांगत नाही. डॉबिन आणि कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकन कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासून २०१६ मध्ये लिहिलंय. व्यवस्थापकांना वैविध्याचं प्रशिक्षण सक्तीचं केल्यावर पाच वर्षांनीही व्यवस्थापनातल्या गोऱ्या स्त्रियांचं प्रमाण वाढलं नाही, कृष्णवर्णीय स्त्रियांचं तर घटलं. लोक अपेक्षित उत्तर पाठ करतात आणि मनात चडफडतात. वर्गात शंका काढली की लगेच शिक्का बसतो, मग कोण बोलणार?

साक्षेपी

'आपोआप' ला तारीख आहे का काही? एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये शिकागोच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख झाल्या. लवकरच शिक्षणाचा कारभार पुरुषांपेक्षा स्त्रियांच्याच हाती जास्त असेल, असं भाकीत त्यांनी तेव्हा केलं होतं. शतक उलटलं, अमेरिकेत त्या पातळीच्या पदांवर स्त्रिया अजून अल्पसंख्यच आहेत. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या टॅलिस या शिक्षकांच्या पाहणीत निम्न माध्यमिक शिक्षकांत स्त्रिया सरासरी ६८ टक्के, मुख्याध्यापकांत ४७.

उंबरठा

यात भर. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये 'काचेचा सरकता जिना' दाखवून दिला: परिचारिका, प्राथमिक शिक्षक, ग्रंथपाल अशा स्त्रीबहुल पेशांत गेलेल्या पुरुषांना वर ढकललं जातं, कधी त्यांची इच्छा नसतानाही. स्टाफरूममध्ये बघा ना. बांधकाम आणि परीक्षा कोणाकडे, गॅदरिंग आणि रडणारी मुलं कोणाकडे? निवडीच्या वेळी 'प्रशासनाचा अनुभव' म्हणून पहिल्या दोनच गोष्टी मोजतात.

(तिरपागडांचा शिक्का बसण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. शंका विचारणाऱ्याला गप्प करणारे शिक्षक मीही पाहिलेत. तो दोष शिकवणाऱ्याचा.)

खडूफळा

तिरपागडा, त्याच लेखात पुढे काय आहे तेही सांगा की. ऐच्छिक प्रशिक्षण, ज्येष्ठांनी हाताशी धरून तयार करणं, निर्णयांचा जाब विचारणारी माणसं नेमणं, यांचा उपयोग झाला असं ते म्हणतात. म्हणजे रोजच्या कारभारात गुंतवलं की चालतं. मी वेगळं काय म्हणतेय? शिवाय तो अभ्यास कंपन्यांचा आहे, नेतृत्वाच्या पदवीचा नाही.

उंबरठा, तुमचं कामवाटपाचं उदाहरण उद्या तस्संच्या तस्सं नेमणुकांच्या पेपरात घालता येईल. दहा जणांची कामं द्या, पदोन्नतीची यादी करायला सांगा, मग नावं उघड करा. भाषणाची गरजच नाही.

साक्षेपी

घाला की. पण सरावानंतर 'हे असं का होतं' हा प्रश्न पडणार, त्याचं उत्तर कोण देणार? माझी अट एवढीच: आधी अर्थनियोजन, नेमणुका आणि वेळापत्रक या तिन्ही पेपरांत या विषयाचे प्रश्न गुणांसकट छापून येऊ देत. दोन वर्षं टिकले, तर वेगळा पेपर बंद करायला मी स्वतः सही देईन. त्या विषयांच्या शिक्षकांना विचारलंत का?

खडूफळा

विचारलं. दोघे तयार आहेत. अर्थनियोजनवाले म्हणाले, "त्यासाठी तुमचा पेपर आहे ना!"

साक्षेपी

बघा.

खडूफळा

बघतेच आहे. तो पेपर आहे म्हणूनच त्यांना असं म्हणता येतं.