ड्राफ्टच्या आधी कॉलेजचा प्लेअर बघायचा तरी कसा? (४० यार्डाच्या नादात दोनदा हरलोय)

ओहायोकर_सातारी
मंडळी, कोलंबसला येऊन चार वर्षं झाली. इथं शनिवारी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची मॅच असली की दुसरं काही सुचतच नाही कुणाला, त्यामुळं कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन, सॉकर नव्हे) नाद आपोआप लागला. आता घोळ असा आहे की दर एप्रिलला एनएफएलच्या (इथली प्रो लीग) टीमा कॉलेजची पोरं पाळीपाळीनं उचलतात तो ड्राफ्ट, आणि ऑफिसात त्याच्या अंदाजाची, म्हणजे मॉक ड्राफ्टची पैज असते, पहिल्या राउंडचे ३२ पिक ओळखायचे आणि जो तळाला त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. मी सलग दोन वर्षं घातलंय. माझी पद्धत म्हणाल तर कम्बाइनला (ड्राफ्टआधी पोरांची मापं, पळणं, तपासणी घेतात तो कॅम्प) ४० यार्ड कोण किती सेकंदात पळालं ते बघायचं आणि त्याप्रमाणं रिसीव्हर (पास झेलणारे) वर-खाली लावायचे, बास. बायको म्हणते तू माणसं निवडतोयस का रेसचे घोडे. तर खरं सांगा, स्काउट लोक (टीमसाठी पोरं हेरणारे) बघतात काय? टायमिंग बघायचंच नाही का? आणि मॅच बघताना माझी नजर बॉलवरनं हटतच नाही, त्याला काय करू?

टचडाउन_ताई
वहिनींचं बरोबर आहे 😄

भाऊ, २०१७ चं उदाहरण घे. जॉन रॉस ४.२२ सेकंदात पळाला, तेव्हाचा कम्बाइनचा रेकॉर्ड, बेंगल्सनी नवव्या नंबरला उचलला. पहिल्या सीझनला दुखापती आणि एकही कॅच नाही. त्याच ड्राफ्टमधे कूपर कप, ईस्टर्न वॉशिंग्टनचा, टायमिंग ४.६२, तो गेला ६९ व्या नंबरला आणि २०२१ च्या सीझनला कॅच, यार्ड आणि टचडाउन तिन्हीत पहिला, वर सुपर बोलचा (एनएफएलची फायनल) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. आता याचा अर्थ टायमिंग फेकून द्या असा नाही हां. मी उलटं करते, आधी फिल्म, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, बघते, डोक्यात एक मत बनवते आणि मग आकडा बघते. दोन्ही जुळलं तर पुढं, नाही जुळलं तर परत फिल्म. मॅचमधे संथ वाटलेला पोरगा ४.३५ पळाला तर माझं काहीतरी बघायचं राहिलंय किंवा त्याला तो वेग पॅड घालून वापरताच येत नाहीये, यातलं एक नक्की.

आणि रिसीव्हर ४० यार्ड सरळ नाकासमोर पळतो किती वेळा? त्याला थांबायचं असतं, वळायचं असतं. तुमच्या ओहायो स्टेटचाच जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा बघ ना, २०२३ च्या कम्बाइनला ४० पळालाच नाही, पण थ्री-कोन ड्रिल (तीन कोनांभोवती वळत पळायची चाचणी) ६.५७ सेकंदात काढली. आता जानेवारी २०२२ ची रोझ बोल मॅच लाव, १५ कॅच आणि ३४७ यार्ड. ती बघताना बॉल विसर, त्याच्या कमरेखाली बघ. रूट (ठरलेला पळायचा मार्ग) तोडायच्या, म्हणजे वळायच्या, आधी पावलं बारीक करतो का, खांदा आधीच वळवून कॉर्नरबॅकला (त्याला अडवणारा) चाहूल देतो का. नवखी पोरं ब्रेक मारायच्या (तसं वळायच्या) आधी उभी होतात, ताठ, आणि तिथंच समोरच्याला कळतं. शेवटचा सीझन हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीपायी जवळजवळ अख्खा वाया गेला तरी तो विसाव्या नंबरला गेला, ते असल्या फिल्मवर.

पंचावन्न_पाउंडी
टॉम ब्रेडी, सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा). १९९ वा पिक. ५.२८ सेकंद. विषय संपला.

टचडाउन_ताई
@पंचावन्न_पाउंडी विषय कुठं संपला? सहाव्या राउंडला गेलेल्या बाकी पोरांची नावं सांग बघू पटापट. लॉटरी लागलेल्या एकाचंच नाव गावाला माहीत असतं.

ट्रेंचमधला_कोल्हापुरी
सगळे रिसीव्हर आणि क्वार्टरबॅकवरच बोलणार, लाइनमनला (क्वार्टरबॅकपुढं भिंत करणारे) कोण विचारतंय. १४० किलोचा टॅकल (लाइनच्या टोकाजवळचा गडी) ४० यार्ड पळायची वेळ वर्षातनं एकदा आली तर आली. त्याचे पहिले १० यार्ड बघा फक्त, तेवढ्यात स्फोट दिसतो. २०१८ ला ऑर्लांडो ब्राउन ५.८५ पळाला आणि बेंच प्रेसला २२५ पाउंड फक्त १४ वेळा उचलले, लोकांनी लय टिंगल केली. पार ८३ व्या नंबरपर्यंत घसरला, रेव्हन्सनी घेतला आणि गडी प्रो बोलला (लीगच्या निवडक खेळाडूंचा मान) जाऊन आला. कारण त्याच्या अंगाला वळसा घालून जायलाच वेळ लागतो, एवढं अवाढव्य धूड.

हाताच्या मापाची पण एक गंमत आहे, टॅकलचा हात ३३ इंच पाहिजे असा दंडक. २०२५ ला एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विल कॅम्पबेलचा कम्बाइनला भरला ३२ पूर्णांक पाच अष्टमांश, आणि काही आठवड्यांनी त्याच्या कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच होणारी चाचणी) बरोब्बर ३३. हात वाढला का टेप ताणली देव जाणे 😂 पेट्रियट्सनी चौथ्या नंबरला घेतलाच.

नजरेचं सांगतो. स्नॅपच्या (बॉल मागं देऊन खेळ सुरू होतो तो क्षण) आधी ठरवायचं की मी लेफ्ट टॅकलच बघणार, बॉल गेला खड्ड्यात. पहिलं मागचं पाऊल, मग हात छातीवर बसला का बाहेर खांद्यावर गेला. बाहेर गेला की होल्डिंगचा (धरून ठेवल्याच्या फाउलचा) फ्लॅग कधीतरी पडणारच. एक मॅच अशी बघा, स्कोअर काय झाला ते सांगता येणार नाही.

गल्ली_क्वार्टरबॅक
क्वार्टरबॅकचं मात्र कुणालाच कळत नाही, माझं स्पष्ट मत. जमार्कस रसेल २००७ चा पहिला पिक, हात म्हणजे तोफ, तीन सीझनमधे खेळ खल्लास. जॉश ॲलन वायोमिंगला जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण करायचा, मी स्वतः लिहिलं होतं की हा वाया जाणार, तो अख्ख्या लीगचा एमव्हीपी होऊन बसला. पॅट्रिक माहोम्सला (पुढं सुपर बोल जिंकणारा) म्हणायचे टेक्सस टेकच्या सिस्टीममुळं आकडे फुगलेत, आणि बेअर्सनी त्याच्या आधी, दुसऱ्या नंबरला, ट्रुबिस्की घेतला. मी आता एवढंच बघतो की पहिला रिसीव्हर मोकळा नसला, अंगावर माणूस येतोय, तर पोरगा काय करतो. डोळे खाली घालून पळतो का पावलं सावरून दुसरीकडं बघतो. पण तेही चुकतं हो.

डॅलसचे_काका
अरे पोरांनो, तो विचारतोय काय आणि तुम्ही सांगताय काय. चांगला प्लेअर ओळखणं वेगळं आणि ३२ टीमा काय करणार ते ओळखणं वेगळं. पैज दुसऱ्याची आहे. २०२५ ला शेदूर सँडर्स किती मॉकमधे पहिल्या राउंडला होता, गेला कुठं, पाचव्या राउंडला १४४ वा, आणि त्याला घेणाऱ्या ब्राउन्सनी त्याच ड्राफ्टमधे आधी दुसरा क्वार्टरबॅक उचललेला. शिवाय गुडघ्याखांद्याचे मेडिकल रिपोर्ट टीमकडं असतात, आपल्याकडं नाहीत. कम्बाइन सुरूच मुळात डॉक्टरी तपासणी एका जागी उरकावी म्हणून झालं, पळापळी टीव्हीवर दिसते म्हणून आपण तेवढीच धरून बसतो. तेव्हा सातारकर, पैजेसाठी कुठल्या टीमला काय कमी आहे ते बघ, कुणाचे काँट्रॅक्ट संपलेत ते बघ. फिल्म हौसेसाठी बघ.

ओहायोकर_सातारी
काका, हे कुणी आधीच सांगितलं असतं तर दोन जेवणं वाचली असती 🙏

काल रात्री ताईंनी सांगितलं तसं माझ्या यादीतल्या एक नंबरच्या रिसीव्हरची मॅच लावली. पहिल्या हाफमधे तीनदा त्यानं ब्रेकच्या आधी ताठ उभं राहून दाखवलं, एकदा दिसल्यावर मग तेच दिसत राहिलं. वैताग एवढाच की टीव्हीचा कॅमेरा बॉलमागं जातो आणि रिसीव्हर स्क्रीनबाहेर. पुढच्या सीझनला स्टेडियममधे एकदम वरच्या मजल्यावरचं, एंड झोनच्या (मैदानाचं टोक) मागचं तिकीट काढावं म्हणतोय, तिथनं सगळे बावीस दिसतील ना? आणि स्वस्त पण असतं.

ट्रेंचमधला_कोल्हापुरी
दिसतात. दुर्बीण ने, आणि कानटोपी. नोव्हेंबरात तिथं वरती वारा कापून काढतो.