मदत हवी आहे: तुरुंगात जाण्याआधी घराची आणि स्वतःची तयारी कशी करू?

गवताचं पातं:

नमस्कार. नेहमीच्या आयडीने हे लिहिणं शक्य नाही, म्हणून हा नवा आयडी घेतला आहे.

एका आर्थिक प्रकरणात मला दोन वर्षांची शिक्षा झाली होती, ती अपिलात कायम झाली. शरण जायला न्यायालयाने काही आठवड्यांची मुदत दिली आहे. प्रकरणाची चर्चा इथे नको, ती न्यायालयात पुरेशी झाली. वरच्या न्यायालयाचं काम वकील बघताहेत, पण आत जावं लागणार हे धरूनच मी चालले आहे. आशेवर बसून राहिले आणि तो दिवस उजाडला, तर घरच्यांची फार परवड होईल.

घरात नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं इन्सुलिन मी देते. कर्जाचे हप्ते, विमा, शाळेची फी, बँक, सगळं माझ्याकडे. परवा नवऱ्याला कपाटातल्या फायली दाखवायला बसले. दोन फायली त्याने नीट बघितल्या, प्रश्नही विचारले. तिसरी निघाली मुलीच्या लसीकरणाची. त्याने ती माझ्या हातातून घेतली, मिटली आणि म्हणाला, "आज एवढंच." मग बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी लावत राहिला.

मला सुचतंय ते मी करते आहे. जे सुचतच नाही त्याचं काय, ही धास्ती आहे.

सगळ्यात जास्त अडलंय ते मुलीपाशी. सासूबाई म्हणतात, आई कामासाठी लांब गेली आहे असं सांगू. नवऱ्याचं काही ठरत नाही. तिला सांगायचं का, किती आधी, कोणत्या शब्दांत? शाळेला कळवायचं का? शिवाय कागदपत्रांचं: आत गेल्यावर कुठल्या सह्या अडून बसतात? आणि मग माझं स्वतःचं. पहिले दिवस कसे असतात, काय बरोबर नेऊ देतात, कसं वागावं? भीती वाटतेच, पण पुढे काय आहे ते माहीत नसल्यामुळे ती जास्त वाटते.

धीराचे शब्द हवेच आहेत. त्याबरोबर कामाचं काही सांगितलंत तर फार उपकार होतील.

पानगळ:

ताई, मी वकिली करते. देशोदेशीचे कायदे आणि तुरुंगातुरुंगाचे नियम वेगळे असतात, म्हणून खालचं सगळं तुमच्या वकिलांपुढे ठेवून खात्री करून घ्या.

आधी सह्यांचं. आत गेल्यावर एका सहीसाठी कधी कधी आठवडे जातात: कागद तुरुंगात पाठवा, अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, साक्षांकन करा. म्हणून यजमानांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र आत्ताच करा. त्यात काय काय येतं ते स्पष्ट लिहून घ्या: बँक, कर्ज, कर भरणं, विमा, घराचे व्यवहार. "सर्व अधिकार" असं मोघम लिहिलेलं बँका मानत नाहीत, आणि ते धोक्याचंही असतं. मुलीच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी वेगळं संमतीपत्र करा, म्हणजे यजमान गावाला गेले असतील तेव्हा आजी किंवा मावशीला अडवणार नाहीत. वकीलपत्रावर आणि पुढच्या अपिलाला लागणाऱ्या कागदांवर सह्या करून ठेवा. कोऱ्या कागदावर मात्र सही कुणालाही देऊ नका, कितीही जवळचं माणूस असो.

निकालाच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा. खटल्याच्या काळात कोठडीत दिवस काढले असतील, तर त्यांचा दाखला आत्ताच मिळवा. बहुतेक ठिकाणी ते दिवस शिक्षेतून वजा होतात, पण हिशेब आपोआप बरोबर येईल असं धरून चालू नका. अपिलाची मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात तेही विचारा.

आणखी एक, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. स्त्री कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१० साली नियम संमत केले, त्यांना बँकॉक नियम म्हणतात. मुलांचा सांभाळ जिच्याकडे आहे तिला तुरुंगात येण्याआधी मुलांची सोय लावू द्यावी, गरज पडल्यास त्यासाठी शिक्षेची सुरुवात वाजवी काळ पुढे ढकलण्याचा विचार व्हावा, असं त्यातला दुसराच नियम सांगतो. हे नियम कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण अर्जात त्यांचा आधार घेता येतो. मुदत अपुरी वाटत असेल तर वकिलांना जरूर विचारा.

जुनी वही:

एवढ्या लहान मुलीला तुरुंग वगैरे कशाला सांगायचं? सासूबाई म्हणतात तेच बरोबर वाटतं. दोन वर्षं म्हणता म्हणता जातील. मोठी झाली की सांगा.

सावली:

जुनी वही, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण मी त्या मुलीच्या जागी होते, म्हणून लिहिते.

मी नऊ वर्षांची असताना बाबा आत गेले. मला सांगितलं होतं की ते जहाजावर नोकरीला आहेत. मी नकाशात समुद्र शोधायचे, वर्गात सांगायचे. मग एका मुलाने सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. त्याच्या घरी मोठी माणसं बोलत होती, ते त्याने ऐकलं होतं. बाबा तुरुंगात आहेत याचं दुःख मागाहून झालं. त्या क्षणी वाटलं की घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. आणि ज्याबद्दल आई माझ्याशीही बोलत नाही ते नक्कीच माझ्यामुळे झालं असणार. कितीतरी दिवस मी त्याचं कारण स्वतःत शोधत होते.

ताई, तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून, यजमान शेजारी असताना. फार आधी नको, कारण आठ वर्षांच्या मुलीला महिनाभर वाट बघणं झेपत नाही. अगदी आदल्या रात्रीही नको. आठ-दहा दिवस आधी सांगितलंत तर तिला पुन्हा पुन्हा येऊन विचारायला वेळ मिळेल, आणि ती विचारेलच, भलत्याच वेळी, दात घासताना वगैरे. सोपं आणि खरं सांगा: न्यायाधीशांनी ठरवलं आहे की आईने काही काळ तुरुंगात राहायचं. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तुला आणायला बाबा येतील, केस आजी विंचरेल, आपण पत्रं लिहू, भेटू. मला तिथे जेवायला मिळेल, झोपायला जागा असेल. (मुलांना हीच काळजी असते, मोठ्यांच्या ते लक्षात येत नाही.) परतण्याची पक्की तारीख देऊ नका. ती पुढे गेली तर तेही खोटं बोलणं ठरतं.

लोकांना काय सांगायचं तेही तिच्याशी ठरवा. "आई सध्या घरी नाही, मला त्याबद्दल बोलायचं नाही" एवढं वाक्य तिला दिलंत तरी पुरे. खोटं बोलायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या, निदान मुलगी गप्प का झाली आहे हे शाळेत एका माणसाला तरी माहीत असेल.

आणि तिला भेटायला आणा. खरं कळल्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मध्ये काच होती, बोलायला फोनचा रिसीव्हर. बाबांचे ओठ आधी हलायचे आणि आवाज जरासा मागून यायचा. मला ते विचित्र वाटलं, मी रडले, आणि तरी परतताना हलकी झाले होते, कारण तोवर मी मनात जे चित्र रंगवलं होतं ते याहून कितीतरी भयंकर होतं. दारात झडती होते, खूप थांबावं लागतं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

रानवाट:

मी शिक्षा पुरी करून बाहेर आले त्याला आता बरीच वर्षं झाली. कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते लिहिते.

फोन पहिल्या तासात जातो आणि त्याबरोबर सगळे नंबर. नवरा, वकील आणि आणखी एक माणूस, यांचे नंबर आणि पत्ते तोंडपाठ करा. आत्तापासून नंबर डोक्यातून लावायची सवय करा. कागदावरही न्या, पण कागद राहील याचा भरवसा धरू नका.

दागिने, चांगलं घड्याळ घरीच ठेवा. जे जमा करून घेतात त्याची यादी करून तुमची सही घ्यायची असते. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांतही हे आहे. घाबरलेल्या अवस्थेत न वाचता सही होते. यादी वाचा, मगच करा.

पहिल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. दिवा चालू असतो, कुणीतरी खोकतं, कुणीतरी रडतं, दारं आपटतात. अंगाला त्याची सवय होते. सगळ्यात जड जातं ते रिकामपण आणि वाट बघणं. म्हणून दिवस बांधून घ्या: वाचन, व्यायाम, पत्र, मिळेल ते काम. काम मागून घ्या, वाचनालय असेल तर नाव घाला, शिकायला काही असेल तर तेही.

वागण्याचं म्हणाल तर आधी बघा, मग बोला. कुणालाही "तू कशात आलीस?" असं विचारू नका. स्वतःची केस, घरचा पैसा, मुलीच्या शाळेचं नाव बोलून दाखवू नका. केसचे कागद इकडेतिकडे ठेवू नका. उसनं घेऊ नका, साधा साबणसुद्धा. पहिल्या दिवशी आपणहून काही देणाऱ्या सगळ्याच जणी वाईट नसतात, मला तर दोन फार चांगल्या मैत्रिणी तिथेच मिळाल्या, पण आतल्या उधारीची फेड अवघड असते. रांग मोडू नका. कर्मचाऱ्यांशी सभ्यपणे, मोजकं बोला.

यजमानांना एक सांगून ठेवा, हे अगदी महत्त्वाचं. तुम्ही आत गेलात की कुणीतरी फोन करेल: "मॅडमना आत त्रास होतोय, सोय करून देतो, एवढे पैसे पाठवा." घरचे लोक घाबरून पाठवतात. असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि वकिलांना सांगायचं. पैसे फक्त तुरुंगाच्या अधिकृत मार्गाने भरायचे, तेही दर महिन्याला ठरलेले, कारण घरही चालायचं आहे.

निरामय:

डॉक्टर आहे, थोडक्यात लिहितो. तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: निदान, औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाव पुरेसं नाही, आत दुसऱ्या कंपनीचं मिळू शकतं), मात्रा, ॲलर्जी. अलीकडचे रिपोर्ट जोडा. दात आत्ताच दाखवून घ्या, चष्म्याचा नंबर तपासा आणि जास्तीचा चष्मा नेता येतो का ते विचारा.

आत गेल्यावर वैद्यकीय तपासणी होते, तिथे काही लपवू नका. रोज झोपेची गोळी घेत असाल तर ती एकदम बंद पडल्यावर फिट येऊ शकते. रोज दारू पिणाऱ्यांच्या बाबतीतही तेच, हे इतर वाचकांसाठी सांगतो. पूर्वी नैराश्य आलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात आले असतील, तर तेही सांगा. पहिले काही दिवस त्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतात, आणि सांगितलं तरच लक्ष ठेवलं जातं.

सासूबाईंचं इन्सुलिन यजमानांनी आजपासूनच द्यायला घ्यावं, तुम्ही शेजारी बसून फक्त बघा. साखर एकदम उतरली तर काय करायचं ते कागदावर लिहून ठेवा.

गवताचं पातं:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. सावली, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री म्हणाल्या, "तिला सांगशील तेव्हा मीही बसते." इन्सुलिन आज नवऱ्याने दिलं.

दोन शंका राहिल्या. बँक, शाळा, विमा, सगळीकडे माझाच मोबाईल नंबर आहे. तो बंद करायचा का? आणि भेटीसाठी आधी काही करावं लागतं का?

पानगळ:

नंबर अजिबात बंद करू नका. सगळे ओटीपी त्यावर येतात, आणि रिचार्ज न झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देऊन टाकते. सिम यजमानांच्या जुन्या फोनमध्ये घाला आणि रिचार्जची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर टाका. तरी बँकेचा पासवर्ड देऊन काम चालवू नका. खातं संयुक्त करा किंवा कुलमुखत्यारपत्र बँकेत नोंदवा, आणि शाळेत यजमानांचा नंबर लावा. तुमची ओळखपत्रं आणि पासपोर्ट यांच्या मुदतीही बघा. मध्येच संपणार असतील तर आत्ता नूतनीकरण होतं का ते पाहा, सुटल्यावर पहिल्या आठवड्यात तेच लागतात.

भेटीसाठी बहुतेक ठिकाणी भेटणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागतात. ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव द्या, एका अक्षराच्या फरकावरून दारातून परत पाठवतात. मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत तयार ठेवा. मुलांच्या भेटीत आईला मुलाला जवळ घेता यावं असं बँकॉक नियम सांगतात, तेव्हा काचेशिवाय भेटीची सोय आहे का हे वकिलांकरवी लेखी विचारा. तोंडी विचारलं तर तोंडीच नकार मिळतो. फोनवर आणि भेटीत केसबद्दल बोलू नका, ते ऐकलं जाऊ शकतं आणि पत्रंही वाचली जातात. वकिलाशी भेट मात्र कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, पण त्यांना ऐकू जाणार नाही अशी व्हावी, असं मंडेला नियम सांगतात.

रानवाट:

एकच भर घालते. तुमच्या आवाजात तिच्यासाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा, आणि तिच्या वाढदिवसाचं पत्र आत्ताच लिहून यजमानांकडे द्या. आतून पाठवलेलं पत्र कधी कधी पंधरा-वीस दिवस उशिरा पोहोचतं.