डीसी लाइनचा भरवसा कशावर मोजायचा?

होटगी रोडकर
कालच्या चर्चेत एकांनी लिहिलं, चंद्रपूर–पडघे डीसी लाइन ट्रिप होते (आपोआप बंद पडते) म्हणजे एचव्हीडीसी, अर्थात उच्च दाबाच्या डीसीने लांबवर वीज नेणं, बेभरवशाचं. हा निकष मला मुळीच पटत नाही. ट्रिप किती वेळा झाली ते सोडा, वीज किती पोचायची राहिली ते मोजा. 1999 पासूनची ही 752 किमीची लाइन, ±500 केव्ही, 1500 मेगावॉट. दोन पोल (खांब नव्हे, वीज वाहून नेणाऱ्या दोन स्वतंत्र बाजू) आहेत. एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून निम्मी वीज येत राहते. शिवाय डीसी शेजारच्याचं दुखणं अंगावर घेत नाही. जुलै 2012 मध्ये उत्तर ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळलं. दक्षिण ग्रिड तेव्हा बाकी देशाशी डीसीनेच जोडलेलं होतं, ते उभं राहिलं.

जुळे सोलापूर
दादा, सोलापुरात राहून हे म्हणताय? डीसी एवढं पुरेसं होतं, तर 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही एसी लाइनने दक्षिण ग्रिड देशाला का जोडलं? एसीत मोठा वीजनिर्मिती संच बंद पडला की वारंवारता घसरते आणि देशभरचे संच आपोआप जोर लावतात. डीसीवरून ठरवून दिलेलेच मेगावॉट जातात. जादा हवे तर कंट्रोलमध्ये तशी सोय आधीच करून ठेवावी लागते. अडचणीत मदतीला न येणाऱ्या लाइनला मी भरवशाची म्हणणार नाही.

एमआयडीसी टॉवेलवाला
आमचे लूम थांबतात ते बहुतेक वेळा गावातल्या फीडरमुळे. तिथे एसी-डीसीचा संबंधच नाही.

सबस्टेशनवाला
दोघांनीही तारांवरच भांडण लावलंय. खरी दुखरी जागा कन्व्हर्टर स्टेशन, म्हणजे लाइनच्या दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारं केंद्र. कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर जळला आणि स्पेअर जागेवर नसेल तर नवा यायला महिने जातात. थायरिस्टर या जुन्या प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणाऱ्या स्टेशनात वीज घेणाऱ्या बाजूला एसी व्होल्टेज क्षणभर खचलं तरी कम्युटेशन (एका स्विचकडून दुसऱ्याकडे प्रवाह वळणं) फेल होतं. बहुतेकदा ते लगेच सावरतं, पण ग्रिड तिथे कमजोर असेल तर पुन्हापुन्हा होतं. व्हीएससी या नव्या कन्व्हर्टर पद्धतीत हा दोष नाही.

होटगी रोडकर
स्पेअरचा मुद्दा बरोबर, तो हिशेबात धरायलाच हवा. पण जुळे सोलापूर, रायचूर लाइन आल्यावर डीसी जोडण्या काढून टाकल्या का? उलट रायगढ–पुगलूर ही ±800 केव्हीची, 6000 मेगावॉटची डीसी लाइन नंतर आली. छत्तीसगड ते तमिळनाडू अंतराला दुसरं परवडतही नाही. माझी मागणी एवढीच: प्रत्येक डीसी लाइनची अचानक बंद पडल्याने गेलेली वीज आणि ठरवून केलेल्या देखभालीत गेलेली वीज वेगवेगळी दाखवा. दोन्ही एकत्र करून बेभरवशाचा शिक्का मारू नका.

जुळे सोलापूर
दाखवा की. सोबत एसी लाइनने ऐन संकटात किती मेगावॉटचा हात दिला, तोही रकाना ठेवा.