कैगाची भूकंपाची तपासणी परत करतात म्हणजे नेमकं काय करतात?

खानापूरची_लेक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ कारवारजवळ कैगाच्या अणुवीज केंद्रात कंत्राटी कामावर आहे, चार वर्षं झाली, मल्लापूरला खोली घेऊन राहतो. आम्ही खानापूरचे, नकाशावर सरळ रेघ मारली तर कैगा इथनं ८५ किलोमीटरच्या आसपास, खरं मधे सगळं जंगल आणि घाट म्हणून लांब वाटतं. परवा सुट्टीला आलेला तेव्हा जेवताना सहज बोलून गेला की चालू अणुभट्ट्यांची भूकंपाच्या हिशोबानं परत तपासणी करतात, जपानातल्या फुकुशिमाच्या २०११ च्या अणुअपघातानंतर तर जगभर झाली. आईच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणाली, "परत बघालेत म्हणजे पहिल्यांदा चुकलंच असणार की."

आईला कोयनेचा भूकंप आठवतो, ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, ती नऊ वर्षांची होती, फळीवरची भांडी खाली आली आणि सगळी गल्ली गोधड्या घेऊन रस्त्यावर बसली होती म्हणे. त्यात ९३ ला किल्लारी झालं, जिथं भूकंप होत नाही असंच सगळे धरून चालले होते. त्यामुळं तिची समजूत घालायला माझ्याकडं काहीच नाही. म्हणून विचारते, काँक्रीट ओतून वीस-पंचवीस वर्षं झाली, ते आता परत तपासणार कसं, फोडून बघतात काय? आणि "इतक्या रिश्टरला टिकतंय" असा एक साधा आकडा का सांगत नाहीत? जाणकारांनी जरा समजेल असं सांगा, आईला वाचून दाखवणार आहे.

टिळकवाडी_स्ट्रक्चरल

ताई, मी ३१ वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन केलं, त्यातली काही वर्षं पॉवर प्लांटची, आता निवृत्त. आधी रिश्टरचं सांगतो कारण तिथंच सगळी गाडी अडते. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, आपल्या जागेचा नसतो. देवळात नगारा किती जोरात वाजला हा एक आकडा, आणि तुमच्या ओसरीवर तो किती ऐकू आला हा दुसरा, तो अंतरावर आणि मधे काय आहे त्यावर ठरतो. डिझाइन करणाऱ्याला दुसरा आकडा लागतो, म्हणजे आपल्या पायाखालची जमीन किती वेगानं हिसका देईल, त्याला आम्ही पीजीए म्हणतो आणि गुरुत्वाकर्षणाच्या (त्याला जी म्हणतात) पटीत मोजतो. कोयनेत भूकंप साधारण साडेसहाच्या आतबाहेरचा होता, खरं धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रावर ०.६३ जी नोंदला गेला, कारण भूकंप अगदी जवळ झाला. बेळगाव तिथनं सरळ १९० किलोमीटरच्या आसपास, म्हणून इथं भांडी पडली आणि घरं राहिली. कैगा तर कोयनेपासून जवळजवळ २९० किलोमीटर. त्यामुळं कैगाच्या हिशोबात कोयनेपेक्षा जवळपासच्या जमिनीखालच्या भेगा आणि "कुठल्याही ओळखीच्या भेगेवर नसलेला पण होऊ शकणारा" भूकंप यांना जास्त वजन असतं. किल्लारीनं हेच शिकवलं. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एक मध्ये होता, पुढं २००२ मध्ये नकाशा बदलला तेव्हा झोन एक ठेवलाच नाही. आपला बेळगाव, धारवाड, कारवार हा पट्टा त्या नकाशात झोन तीन मध्ये आहे.

अणुभट्टीला मात्र घर-इमारतीचा झोन नकाशा पुरत नाही, जागेचा वेगळा अभ्यास लागतो. आपल्याकडं दोन पातळ्या धरतात, एस-वन आणि एस-टू. एस-वन म्हणजे प्लांटच्या आयुष्यात येऊ शकेल असा धक्का, तो आला तरी सगळं चालू राहिलं पाहिजे किंवा बघून लगेच चालू करता आलं पाहिजे. एस-टू म्हणजे दहा हजार वर्षांत एकदा येईल असा, त्यात बाकी काही मोडलं तरी चालेल पण तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत, भट्टी बंद होणं, तिची ऊब काढत राहणं आणि किरणोत्सार आत अडकून राहणं.

आता आईंचा प्रश्न. परत तपासायचं कारण बहुतेक वेळा जमिनीबद्दलची माहिती बदलली हे असतं. नवीन भेग सापडते, नवीन नोंदी मिळतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दियाब्लो कॅन्यन म्हणून प्लांट आहे, तिथं तो चालू होऊन वीसेक वर्षं झाल्यावर, २००८ ला, जवळ समुद्रात आणखी एक भेग सापडली. प्लांट होता तिथंच, माहिती वाढली. जपानात काशिवाझाकी-कारिवाला १६ जुलै २००७ ला तर भूकंपानंच परीक्षा घेतली, एक नंबर युनिटच्या तळाला २७३ गॅल (हिसका मोजायचं एकक, साधारण ९८० गॅल म्हणजे एक जी) धरून डिझाइन होतं आणि प्रत्यक्षात ६८० आला. म्हणजे अडीच पट. तरी चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि थंडही झाल्या, कारण डिझाइन करताना प्रत्येक पायरीला थोडं थोडं जास्तीचं ठेवलेलं असतं ते कामी आलं. खरं बाहेरचा एक ट्रान्सफॉर्मर पेटला. जमीन खचली आणि त्याचा फाउंडेशनचा भाग सरकला.

परत तपासणी हेच जास्तीचं मोजायची असते. फोडत नाहीत काही. नव्या अभ्यासातनं नवा धक्का ठरवतात, तो इमारतीच्या मॉडेलला देऊन प्रत्येक मजल्यावर हादरा किती होईल ते काढतात (वरच्या मजल्यावर तो वाढतो), आणि मग भट्टी बंद करून थंड ठेवायला जी जी वस्तू लागते तिची यादी करून एकेकीला विचारतात की तू कुठल्या धक्क्याला जाशील. उत्तर असं येतं की इतक्या धक्क्याला ही निकामी व्हायची शक्यता पाच टक्क्यांच्या आत, आणि हे आम्ही ९५ टक्के खात्रीनं म्हणतो. साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीचा आकडा तोच प्लांटचा आकडा. तुम्हाला साधा आकडा हवा असेल तर ताई, हा विचारायचा.

आपल्याकडं तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, त्यांचीही नंतर अशी तपासणी झाली आणि २००५-०६ च्या सुमारास बंद ठेवून सुधारणा केल्या. आर्मेनियात १९८८ च्या स्पिताक भूकंपात मेत्सामोर प्लांटला इजा झाली नव्हती तरी ८९ ला बंद केला, आणि भूकंपाची कामं करून एक युनिट ९५ ला परत चालू केलं.

उद्यमबाग_पॅनेलवाला

काकांनी इमारतीचं सांगितलं, मी पेटीचं सांगतो. आमचं उद्यमबागेत इलेक्ट्रिकल पॅनेलचं छोटं युनिट आहे. लोकांना वाटतंय घुमट पडणार की काय, अरे दोन-दोन फुटाच्या आणि त्याहून जाड काँक्रीटला काय होत नाही, आधी जाणार ते पॅनेल, बॅटरीचे रॅक, आणि वीज गेल्यावर लागणाऱ्या डिझेल जनरेटरचं कूलिंग.

आम्हाला एकदा एका सबस्टेशनच्या ऑर्डरसाठी पॅनेल भूकंपाच्या टेस्टला बेंगळूरला न्यायला लागलं, सीपीआरआय म्हणून केंद्राची वीज संशोधन संस्था आहे, त्यांच्याकडं शेक टेबल आहे, त्यावर पॅनेल बोल्ट करून तिन्ही दिशेनं हलवतात. आम्ही सगळे पत्रा वाकतो का वेल्ड तुटतो का ते बघत उभे. पत्रा जागच्या जागी, वेल्ड ठीक, आणि आतला एक रिले (सिग्नल मिळाला की आपोआप चालू-बंद होणारा स्विच) मात्र हादऱ्यानं आपोआप टकटक करायला लागला, म्हणजे कुणी सिग्नल दिला नाही तरी कॉन्टॅक्ट जोडतोय-सोडतोय. त्या एका टकटकीनं ब्रेकर पडला. बाहेरनं बघितलं तर पॅनेलला ओरखडा नाही आणि टेस्ट नापास. आम्ही रिलेचं मॉडेल बदललं, दाराला दोन ठिकाणी जास्त कुलपी पट्ट्या दिल्या, तळाला अँगल वाढवला, परत नेलं, पास. त्या दिवसापासनं मी कुठलंही पॅनेल बसवताना आधी खाली वाकून अँकर बोल्ट बघतो, कारण साइटवर चार भोकांत दोनच बोल्ट मारून मोकळे होणारे भरपूर बघितलेत.

अणुप्लांटच्या तपासणीत हेच करतात असं मी त्या टेस्टच्या वेळी तिथल्या लोकांकडनं ऐकलं, टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीत फिरतात. दोन कपाटं शेजारी-शेजारी आहेत आणि एकमेकांना बोल्ट केलेली नाहीत, म्हणजे धक्क्यात आपटणार. बॅटरीच्या मागं नुसती विटांची पार्टिशन भिंत आहे, ती बॅटरीवर पडणार. वर साखळीला लाइट टांगलीय, खाली चाकाची ट्रॉली मोकळी ठेवलीय. हे सगळं एका पान्यानं आणि वेल्डिंग मशीननं सुटणारं काम, खरं कुणी वाकून बघितलं तर.

ताई, भाऊ आत काम करतोय ना, त्याला सांगा मोकळी शिडी किंवा सिलिंडर पॅनेलशेजारी दिसला तर बांधून ठेवायला सांगायचं, लाजायचं नाही.

टिळकवाडी_स्ट्रक्चरल

पॅनेलवाले दादा बरोबर बोलले आणि यात आपल्या भागाला लागू पडणारी एक गोष्ट आहे. खडकातनं, जवळनं येणारा धक्का बारीक आणि जलद असतो, कोयनेची नोंद तशीच होती. असा धक्का उंच इमारतीला फार हलवत नाही, कडक-ताठ वस्तू आणि रिले यांना मात्र त्रास देतो. व्हर्जिनियात नॉर्थ अॅना प्लांटला २३ ऑगस्ट २०११ ला असाच ५.८ चा बसला, डिझाइनपेक्षा जास्त. भट्ट्या बंद झाल्या, बाहेरची वीज गेली, चार डिझेल चालू झाले आणि त्यातला एक कूलंट गळून बंद पडला, मग राखीव होता तो लावला. वापरलेलं इंधन ठेवलेले शंभर टनांच्या वरचे पिंप जागेवरून काही इंच सरकले. भिंतींना नाव घेण्यासारखं काही नाही. सगळं तपासून नोव्हेंबरात परत चालू केलं.

कद्राकाठ

मी खाली काळी नदीच्या काठाला राहणारा, कारवार तालुका. सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय, खरं तुम्ही सगळे प्लांटच्या कंपाउंडच्या आतच फिरालात. आम्ही बाहेर राहतो.

नदीवर वर सुपा धरण, १०१ मीटर उंच, मग कोडसळ्ळी, मग कैगा, आणि खाली कद्रा ज्याचं पाणी प्लांट घेतो. धक्का बसला तर तो एकट्या भट्टीला बसणार नाही, धरणांना पण बसणार, घाटातल्या दरडींना पण बसणार, विजेच्या टॉवरांना पण. भूकंप नसताना नुसत्या पावसानं १६ जुलै २०२४ ला इथं अंकोल्याजवळच्या शिरूरला दरड हायवेवर आली आणि माणसं गेली, रस्ता किती दिवस बंद होता ते आम्ही बघितलंय. १६ किलोमीटरच्या परिघासाठी आणीबाणीचा प्लॅन असतो म्हणतात, तो प्लॅन ज्या रस्त्यावरनं आम्हाला बाहेर काढणार तोच रस्ता राहील का हे कुणी तपासलं?

आणि फुकुशिमाचं अर्धंच सांगू नका. तिथं भूकंपानं भट्ट्या बंद झाल्या, डिझेल चालू झाले, इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणं. मग त्सुनामीची लाट आली आणि डिझेल बुडाले. त्या लाटेची परत तपासणी झाली नव्हती का? झाली होती. २००२ मध्ये ५.७ मीटर धरली. २००८ मध्ये कंपनीच्याच लोकांनी हिशोब केला तेव्हा १५.७ मीटर आलं, आणि भिंत बांधली नाही. कागद तयार होता, तीन वर्षं तसाच पडला. म्हणून मला "तपासणी झाली" या वाक्यानं झोप लागत नाही, तपासणीत काय सापडलं आणि त्यातलं किती केलं ते सांगा, कन्नडमध्ये सांगा, कोकणीत सांगा, मराठीत सांगा. कैगाचा एक नंबरचा आतला घुमट १३ मे १९९४ ला बांधकाम चालू असताना पडला, तो भूकंपानं नव्हे, डिझाइननं. परत डिझाइन करून बांधला आणि चांगला बांधला, नंतर तीच भट्टी सलग ९६२ दिवस चालली हेही मी मानतो. खरं तेव्हापासनं आमच्याकडचा म्हातारा माणूस विचारतोच, त्याला अडाणी म्हणू नका.

टिळकवाडी_स्ट्रक्चरल

कद्राकाठ भाऊ, कुणी अडाणी म्हणत नाही, तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा मोठा आहे. मी आयुष्यभर एकेक इमारत वेगळी तपासली, आणि फुकुशिमानंतरचा धडा हाच की भूकंप आणि पूर एकदमच धरायचे, वरचं धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल हे सुद्धा त्याच फायलीत पाहिजे. रस्त्याचं तर जिल्हा प्रशासनाकडंच मागायला लागेल, प्लांटवाल्यांच्या हातात ते नाही. २००८ च्या कागदाबद्दल तुमच्याशी वाद नाही.

खानापूरची_लेक

आईला सगळं वाचून दाखवलं, दोन तास लागले. रिलेचं तिला लगेच समजलं, म्हणाली आमच्या मिक्सरचं बटण असंच करतंय. कद्राकाठ दादांचं ऐकून मात्र गप्प झाली. तिचा एकच प्रश्न राहिलाय, वीज पण गेली, डिझेल पण गेले, रस्ता पण गेला, तर आतली माणसं काय करणार? माझा भाऊ काय करणार?

टिळकवाडी_स्ट्रक्चरल

ताई, हे आपल्या देशात एकदा घडलंय, भूकंपानं नाही, आगीनं. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशात नरोरा, कैगासारखीच जड पाण्याची २२० मेगावॉटची भट्टी. टर्बाइनकडं आग लागली, केबली जळल्या, साधारण १७ तास वीज नव्हती, कंट्रोल रूम धुरानं भरली. भट्टी बंद केल्या क्षणी सुद्धा इंधनात पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के ऊब राहते, दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, तोवर पाणी देत राहायला लागतं. तिथल्या लोकांनी आग विझवायचे डिझेल पंप हातानं चालू केले आणि ते पाणी वरच्या बॉयलरांना दिलं. या भट्ट्यांत बॉयलर इंधनापेक्षा उंचावर असतात, त्यामुळं गरम पाणी आपोआप वर जातं, थंड खाली येतं, मधल्या मोठ्या पंपांना वीज नसली तरी चालतं. इंधनाला इजा झाली नाही.

फुकुशिमानंतर आपल्या प्लांटांत बाहेरनं पाणी जोडायला खास तोंडं बसवली आहेत, फायर टेंडर आणून लावता येतो. भावाला विचारा ती कुठं आहेत ते त्याला माहीत आहे का, आणि तिथवर जायची वाट मोकळी असते का.

खानापूरची_लेक

आत्ताच फोन केला. त्याला माहीत आहे, ड्रिलला दाखवली होती म्हणे. वाट मोकळी असते का ते उद्या पाळीला गेला की बघून सांगतो म्हणालाय. आई म्हणाली, बघून आला की आधी मला फोन करायला सांग.