पार्ट डी: हप्ता शून्य, पण जानेवारीत दणका. आता काय निवडू? (७ डिसेंबरच्या आत)

मिरजेची_एडिसनकर · २४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं न्यू जर्सीत, एडिसनला. आमचे हे ६७ वर्षांचे. त्यांचं ओरिजिनल मेडिकेअर (पासष्टीनंतरचा थेट सरकारी आरोग्य विमा) आहे आणि औषधांच्या खर्चासाठी वेगळा, खासगी कंपनीचा पार्ट डी प्लॅन. मला येत्या मार्चमध्ये ६५ पूर्ण होतील.

गेल्या वर्षी ह्यांनी प्लॅन निवडला तो फक्त महिन्याचा हप्ता शून्य डॉलर बघून. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! जानेवारीत एलिक्विस आणायला गेले (हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी), तर काउंटरवरची मुलगी म्हणाली सहाशे डॉलरच्या आसपास. ह्यांना वाटलं वर्षभराचे सांगतेय. ते एका महिन्याचे होते! तसेच परत आले, मला काही बोलले नाहीत, आणि दोन दिवस गोळीचा खाडा झाला. या गोळीत खाडा चालत नाही हे मला डॉक्टरांनी नंतर सुनावलं, ह्यांना नाही.

ह्यांच्या गोळ्या: एलिक्विस ५ मिग्रॅ दोन वेळा, मेटोप्रोलॉल, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. माझ्या: थायरॉइडची, मेटफॉर्मिन, जानुव्हिया १०० (या दोन्ही शुगरच्या).

पत्रपेटीत रोज रंगीत पाकिटं येऊन पडतात, सगळ्यांवर हसरे म्हातारे. पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलायची शेवटची तारीख ७ डिसेंबर. निवडताना नेमकं बघायचं काय? मी एका शाळेत अर्धवेळ काम करते, तिथला विमा जूनपर्यंत आहे, तर मी आत्ताच पार्ट डी घ्यायचा का? आणि डिसेंबरच्या शेवटी तीन महिने मिरजेला जातोय, तेव्हाच्या गोळ्यांचं काय करतात लोक?

गोळीवाला_निवृत्त

ताई, तीस वर्षं इथल्या फार्मसीत काढली. दर जानेवारीला हाच प्रसंग बघायचो.

झालं ते असं. डिडक्टिबल म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम. २०२५ साठी ती जास्तीत जास्त ५९० डॉलर होती. बऱ्याच प्लॅनमध्ये ते स्वस्त जेनेरिकला लागत नाही, ब्रँडवाल्या गोळीला लागतं. म्हणून मेटोप्रोलॉल फुकटात मिळालं असेल आणि एलिक्विसने खिसा कापला.

२०२६ मध्ये डिडक्टिबल ६१५ पर्यंत जातंय, पण घाबरू नका. सरकारने कंपन्यांशी घासाघीस करून ज्या पहिल्या दहा औषधांचे दर ठरवले, त्यांत तुमची दोन्ही आहेत. १ जानेवारीपासून महिन्याला एलिक्विस २३१ डॉलर, जानुव्हिया ११३. म्हणजे पूर्ण डिडक्टिबलवाला प्लॅन धरला तरी ह्यांना जानेवारीत २३१, फेब्रुवारीत २३१, मार्चमध्ये उरलेले १५३ आणि वर थोडे, आणि पुढे दर महिन्याला दराच्या २५ टक्के, म्हणजे साधारण ५८. एलिक्विसचे वर्षाचे ११५५ च्या आत-बाहेर. याला पर्याय म्हणून डिडक्टिबल नसलेला, हप्ता जास्त असलेला प्लॅन समोर ठेवा आणि बेरीज करा. हप्त्याचे बारा महिने धरायला लोक विसरतात.

मेडिकेअरच्या साइटवर प्रत्येक गोळी नाव, डोस आणि महिन्याला किती, अशी भरा. मग 'हप्ता + औषधं' अशा वर्षाच्या एकूण खर्चाप्रमाणे यादी लावा. दुकानं एक नाही, दोन-तीन टाका. प्लॅनच्या पसंतीच्या दुकानात एक भाव, रस्त्यापलीकडच्या दुकानात दुसरा, हे मी काउंटरच्या आतून बघितलंय. गोळीपुढे 'आधी मंजुरी' किंवा 'आधी स्वस्त औषध वापरून बघा' अशी अट आहे का तेही बघा. आणि दोघांचे प्लॅन वेगवेगळे निघतील, नवरा-बायकोचा एकत्र असा पार्ट डी नसतो.

२०२६ ला खिशातून जास्तीत जास्त २,१०० जातील, पुढे शून्य. पण हप्ता त्यात धरत नाहीत, आणि प्लॅनच्या यादीत नसलेलं औषधही नाही.

डॅलसची_मावशी

माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मला वाटायचं, भाऊ पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर गोळ्या पाठवतो, मग मला कशाला पार्ट डी? अशी २८ महिने राहिले. दर महिन्याला १ टक्का दंड, म्हणजे २८ टक्के. २०२६ चा आधारभूत हप्ता (सरकार दंड मोजायला धरतं तो) ३८.९९ डॉलर आहे, त्यावर माझा दंड महिन्याला १०.९०. पार्ट डी आहे तोवर भरायचा, म्हणजे जन्मठेपच. वर दरवर्षी आधारभूत हप्ता बदलला की दंडही बदलतो. भाऊ म्हणतो, सांगितलं असतंस तर दंडही पाठवला असता!

शाळेकडून एक पत्र येतं, तुमचं औषधांचं कव्हर 'क्रेडिटेबल', म्हणजे निदान पार्ट डीइतकं चांगलं, आहे की नाही ते सांगणारं. असेल तर आत्ता घाई नाही. पार्ट डी घ्यायची तुमची पहिली मुदत डिसेंबर ते जून अशी सात महिने आहे. शाळेचा विमा संपला की ६३ दिवसांची फट पडू देऊ नका. ते पत्र फेकू नका, पुढे दाखवावं लागतं.

न्यूआर्क_आजोबा

दोनच गोष्टी. पाकिटांमधले बरेच प्लॅन अ‍ॅडव्हान्टेजचे (ओरिजिनलऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असतात, त्यावर सही केली की ओरिजिनलमधून बाहेर पडाल. आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर न्यू जर्सीच्या 'पाड' (औषधांच्या खर्चाला राज्याची मदत) योजनेत जेनेरिक ५ आणि ब्रँड ७ डॉलरला मिळतं. अर्ज 'शिप'वाले (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सेवा) समोर बसून फुकट भरून देतात.

मिरजेची_एडिसनकर

मावशी, पत्र सापडलं. चहा-साखरेच्या डब्यांमागे कोंबलं होतं. क्रेडिटेबल आहे. मी जूनमध्ये घेईन.

गोळीवाले केमिस्टकाका, मिरजेतल्या तीन महिन्यांच्या गोळ्यांचं राहिलं की.

गोळीवाला_निवृत्त

पार्ट डी भारतात चालत नाही, तिथलं बिल इथे मिळत नाही आणि २,१०० मध्येही धरत नाहीत. दोन्ही औषधांची जेनेरिक मिरजेत स्वस्तात मिळतील, पण रक्त पातळ करणारी गोळी मध्येच बदलायची तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यापेक्षा जायच्या आधी ९० दिवसांच्या इथूनच घ्या. 'व्हेकेशन ओव्हरराइड' (प्रवासासाठी आधीच जास्त गोळ्यांची परवानगी) हवं असं प्लॅनला फोन करून सांगा.

आणि एक गंमत. २०२५ ची खिशातल्या खर्चाची मर्यादा २,००० होती. जुन्या दराने, २५ टक्के भरत असतील तर ह्यांचे २,००० नोव्हेंबरच्या आसपासच पूर्ण होतात. तसं असेल तर डिसेंबरच्या गोळ्यांना पैसेच पडणार नाहीत. तेव्हा जानेवारीची वाट बघू नका. प्लॅनकडून येणाऱ्या महिन्याच्या पत्रकात बघा, किंवा ह्यांना विचारा नोव्हेंबरला किती दिले.

मिरजेची_एडिसनकर

विचारलं. शून्य!

"मला वाटलं त्या मुलीची चूक झाली, म्हणून पावती खिशात घालून गुपचूप निघालो," म्हणाले. उद्या सकाळी मी स्वतः जाते दुकानात, ९० दिवसांच्या घेऊनच येते. २०२६ च्या दोन प्लॅनमध्ये ११० डॉलरचा फरक निघतोय, महागडा हप्ता असलेलाच एकूण स्वस्त. हे अजून मान्य करत नाहीयेत.